टाक, निब आणि शाई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुलेखन शिकणाऱ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी प्राथमिक, मग अडचणींचे आणि शेवटी अपवादांचे. एक गोष्ट सगळ्या उत्तरांना लागू आहे. निब, शाई आणि कागद यांपैकी एका वेळी एकच बदला. तिन्ही एकदम बदलले तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही, आणि बहुतेक वेळा खापर बिचाऱ्या निबेवर फुटतं.

१. मी अगदी नवशिका आहे. पहिल्या खरेदीत काय काय घेऊ?

आधी काय लिहायचं ते ठरवा. देवनागरी किंवा रोमन इटॅलिक लिहायचं असेल तर कट निब लागते, म्हणजे जिचं टोक सरळ धारेचं असतं. इंग्रजी कॉपरप्लेटसारखी दाबावर जाड-बारीक होणारी वळणं हवी असतील तर टोकदार निब लागते.

कट निबेच्या वाटेने जाणाऱ्यांनी २ आणि ३ मिलिमीटरच्या दोन निबा, एक सरळ होल्डर, एक काळी शाई आणि १०० जीएसएमचा (चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाचा) गुळगुळीत बॉण्ड कागद घ्यावा. टोकदार निबेसाठी निक्को जी किंवा झेब्रा जी यांपैकी एक घ्या. या जपानी निबा कडक असतात, नवख्या हाताचा जास्तीचा दाब सोसतात. गिलॉट ३०३ किंवा हंट १०१ खूप लवचीक आहेत. हात हलका होण्याआधी त्या घेतल्या तर टोक कागदात रुततं आणि शाई उडते. निबांचा मोठा संच घेऊ नका. त्यातल्या निम्म्या कधी वापरल्याच जात नाहीत.

२. निबेवरच्या नंबरांचा अर्थ काय?

प्रत्येक कंपनीचा हिशेब वेगळा आहे. ब्राउजच्या बांट्सुग निबांचा आकार सरळ मिलिमीटरमध्ये असतो, ०.५ पासून ५ पर्यंत. विल्यम मिचेलच्या राउंड हॅण्ड निबांत ० सगळ्यात रुंद आणि ६ सगळ्यात बारीक. स्पीडबॉलच्या सी मालिकेतही सी-० रुंद आणि सी-६ बारीक. म्हणून एका पुस्तकातला 'नंबर २' दुसऱ्या कंपनीच्या 'नंबर २'शी जुळेलच असं नाही. निबेची धार आडवी ठेवून सरळ खाली एक रेघ ओढा आणि तिची जाडी पट्टीने मोजा, तोच निबेचा खरा आकार.

स्वभावातही फरक आहे. ब्राउज कडक आणि धारदार, मिचेल मऊ आणि किंचित लवचीक. हात जड असेल तर ब्राउज, हलका असेल तर मिचेल.

टोकदार निबांच्या नंबरांवरून मात्र काहीच अंदाज बांधता येत नाही. ३०३, ४०४, १०१ ही निव्वळ मॉडेलची नावं आहेत.

३. देवनागरीसाठी निबेचा छेद उलटा असतो असं ऐकलं. नेमका कसा?

हो, आणि देवनागरी सुलेखनात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

रोमन लिहिताना निबेची धार कागदावर डावीकडून उजवीकडे चढती ठेवतात. त्यामुळे चढत्या तिरप्या रेघा बारीक येतात आणि उतरत्या जाड. देवनागरीत धार डावीकडून उजवीकडे उतरती असते, म्हणून जाड-बारीक अगदी उलटं पडतं. 'र'चा उजवीकडे उतरणारा पाय बारीक निघतो, 'ट' आणि 'ठ' यांचं वरचं डावं वळण जाड येतं. रोमनच्या कोनात देवनागरी लिहिली की अक्षर वाचता येतं, पण डोळ्याला सतत काहीतरी खटकत राहतं. त्याचं कारण हे.

कोन किती ठेवायचा? ३ मिलिमीटरच्या निबेची धार ओळीशी ४५ अंशांत धरली तर शिरोरेषा आणि दंड (अक्षराची उभी रेघ) दोन्ही सुमारे २.१ मिलिमीटर येतात. ३० अंशांत शिरोरेषा १.५ आणि दंड २.६ मिलिमीटर होतो, म्हणजे अक्षर उभं आणि ठाम दिसतं. शिकताना ४५ ठेवा. कोन चुकला की शिरोरेषा आणि दंड यांची जाडी वेगळी दिसते, त्यामुळे चूक लगेच पकडता येते. अक्षराची उंची निबेच्या रुंदीच्या पाचपट घेऊन सुरुवात करा. म्हणजे ३ मिलिमीटरच्या निबेला १५ मिलिमीटरच्या ओळी आखा.

उजव्या हाताने सरळ छेदाची निब धरली की धार आपोआप रोमनच्या दिशेला जाते. देवनागरीसाठी तिरप्या छेदाची निब किंवा बोरू घ्या. ओळखण्याची खूण अशी: निबेची वरची, फुगीर बाजू आपल्याकडे आणि टोक वर धरलं की डावा कोपरा उंच आणि उजवा खाली दिसला पाहिजे. टाकाची दांडी छातीकडे सरळ येईल अशी धरा, खांद्याकडे झुकवू नका. दुकानात 'तिरपी निब' म्हणून जी मिळते ती पुष्कळदा डावखुऱ्यांनी रोमन लिहिण्यासाठी बनवलेली असते. तिचा उजवा कोपरा उंच असतो आणि इथे ती उपयोगाची नाही. डावखुऱ्यांनी प्रश्न १४ पाहावा.

४. बोरू वापरू की पोलादी निब?

मोठ्या अक्षरांसाठी, म्हणजे ५ मिलिमीटरच्या वर, बोरू. त्याचा छेद आपल्याला हवा तसा घेता येतो, आणि देवनागरीसाठी ही फार मोठी सोय आहे. बारीक मजकुरासाठी निब, कारण बोरूची धार लवकर बोथट होते.

बोरू तासताना टोकाला २ ते ३ सेंटिमीटर लांब उतार द्या, आतला मऊ भुसा खरवडून काढा, मधोमध ८ ते १० मिलिमीटर चीर घ्या आणि शेवटी काचेवर किंवा कटिंग मॅटवर ठेवून एकाच दाबात टोक कापा. दोनदा कापलं की धार करवतते. चीर पुढे पळू नये म्हणून ती जिथे संपते तिथे तापवलेल्या सुईने छोटं भोक पाडा. तासण्याआधी बोरू तासभर पाण्यात ठेवला तर तडकत नाही.

५. नव्या निबेवर शाई टिकतच नाही, थेंब होऊन घरंगळते. निब खराब आहे का?

नाही. गंजू नये म्हणून कारखान्यात निबेला तेलाचा किंवा लाखेचा पातळ थर देतात. तो शाईला धरू देत नाही.

भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घातलेल्या गरम पाण्यात निब दोन मिनिटं ठेवा. मग जुन्या टूथब्रशवर थोडी पांढरी टूथपेस्ट घेऊन दोन्ही बाजू घासा, धुवा, लगेच पुसा. जेल पेस्ट नको, तिच्यात घासण्याचा गुण कमी असतो. आता शाईत बुडवून बाहेर काढा. शाईचा थर निबेवर सलग पसरला तर काम झालं, ठिपके राहिले तर पुन्हा घासा.

काडीपेटीच्या ज्योतीवर निब धरायची पद्धत पुष्कळ ठिकाणी सांगतात. ती टाळा. पोलाद तापून निळसर झालं की त्याचं पाणी उतरतं, निबेची स्प्रिंग जाते आणि चिरेच्या दोन बाजूंची पाती उघडली की मिटत नाहीत. पातळ टोकदार निबेला त्यासाठी दोन-तीन सेकंदही पुरतात.

६. निब किती बुडवायची? पहिल्याच रेघेला थेंब पडतो.

निबेच्या मधल्या छिद्राच्या किंचित वरपर्यंत. छिद्र बुडलं नाही तर दोन अक्षरांतच शाई संपते. होल्डरपर्यंत बुडवली तर शाई आत शिरते, मग लिहिताना अवचित खाली येते.

बाहेर काढल्यावर निबेची पाठ दौतीच्या काठाला हलकेच टेकवा आणि पहिली रेघ कायम रद्दी कागदावर ओढा. तरीही थेंब पडत असेल तर शाई फार पातळ आहे (प्रश्न ८), किंवा टाक फार उभा धरला आहे. कागदाशी ४५ अंशांच्या आसपासचा झुकाव ठेवा.

७. कोणती शाई घेऊ? घरात फाउंटन पेनची शाई आहे, ती चालेल का?

सरावाला चालेल, पण तशीच नाही. फाउंटन पेनची शाई पेनाच्या बारीक नळीतून वाहावी म्हणून मुद्दाम पातळ केलेली असते. उघड्या निबेवरून ती एकदम खाली येते. डिंक घालून वापरा.

बाकी शायांचं थोडक्यात असं आहे. सुमी ही काजळीची जपानी शाई गडद काळी, निबेला धरणारी, नवशिक्यांसाठी उत्तम. घट्ट असेल तर दर १० मिलिलिटरला १ मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी घाला. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकमध्ये बहुधा लाख असते. ती वाळल्यावर पाण्याने निघत नाही, म्हणून दर पाच मिनिटांनी निब पुसावी लागते. आयर्न गॉल शाई (टॅनिन आणि लोहाची, प्रश्न १५) टोकदार निबेतून केसासारखी रेघ देते, पण ती आम्लधर्मी आहे आणि निब खाते. तिच्यासाठी निब वेगळी ठेवा. ॲक्रिलिक शाई रंगीत कामाला छान, फक्त निबेवर वाळू देऊ नका.

८. डिंक कुठला आणि किती?

चित्रकलेच्या दुकानातला गम अरेबिक सगळ्यात भरवशाचा. बाभळीचा डिंकही चालतो, फक्त रंगाने तपकिरी असतो, त्यामुळे फिक्या शायांत घालू नका. किराणा दुकानातला डिंक घेताना जपा. धावड्याचा डिंक पूर्ण विरघळत नाही, जेलीसारखे गोळे राहतात. गोंद कतीरा तर नुसता फुगतो.

एक चमचा पूड दोन चमचे गरम पाण्यात घाला, रात्रभर ठेवा, सकाळी सुती कापडातून गाळा. बुरशी धरू नये म्हणून बाटलीत एक लवंग टाका. हे पाणी १० मिलिलिटर शाईला ३ थेंब घाला, ढवळा, लिहून पाहा. कमी वाटलं तर एकेक थेंब वाढवा. डिंक जास्त झाला की शाई निबेवर अडते, वाळलेलं अक्षर चकाकतं आणि कागद दुमडला की तडकतं. हलवून बाटलीत फेस आला असेल तर तो बसेपर्यंत थांबा.

९. शाई कागदावर फुटते, कडांना केस येतात. शाई बदलू का?

आधी कागद बदला. कागदाला पुरेशी खळ नसली की तंतू शाई ओढून घेतात. जुन्नरी आणि दौलताबादी कागदांना पूर्वी खळ देऊन वर दगडाने घोटत, ते याचसाठी. आजच्या झेरॉक्सच्या कागदात शाईसाठी लागणारी खळ नसते. हातकागद सुंदर दिसतो, पण घेताना शाईचा कागद आहे का ते विचारा, नाहीतर कोपऱ्यावर निबेने एक रेघ ओढून पाहा.

दुसरं कारण हवा. पावसाळ्यात, कोकणात आणि मुंबईत विशेषतः, कागद दमट होतो आणि जानेवारीत सरळ वागलेला तोच कागद जुलैत शाई फोडतो. कागद प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा.

कागद बदलणं शक्यच नसेल तर शाईत डिंक वाढवा, किंवा कागदावर सँडरॅक राळेची बारीक पूड कापडाच्या पुरचुंडीने हलकी थापटून झटकून टाका. पूड जास्त राहिली तर शाई कागदाला धरतच नाही.

१०. जाड रेघ ओढताना मध्येच शाई तुटते आणि दोन बारीक कडा उरतात. असं का?

हे टोकदार निबेत होतं. दाबाने दोन्ही पाती फाकतात आणि मधली शाईची पापडी तुटते. क्रमाने तपासा. शाई संपत आली आहे का? शाई घट्ट झाली आहे का? मे महिन्यात पंख्याखाली उघडी दौत तासाभरात दाटते, तेव्हा दोन थेंब डिस्टिल्ड पाणी. निबेवर शाई वाळली आहे का? ओल्या फडक्याने पुसा. हे सगळं ठीक असेल तर दाब जास्त आहे. प्रत्येक निबेची फाकण्याची मर्यादा असते आणि तिच्यापलीकडे दाबलं की पाती कायमची वाकतात. इतकी जाड रेघ हवीच असेल तर जास्त लवचीक निब घ्या.

११. कट निबेने रेघ सुरूच होत नाही, किंवा एकच कड उमटते.

एकच कड उमटणं म्हणजे निब कागदावर सपाट टेकलेली नाही. धार पूर्ण टेकवा, डावी-उजवी अगदी थोडी हलवून शाई उतरवा आणि मग रेघ ओढा.

रेघ सुरूच होत नसेल तर रिझर्व्हायर, म्हणजे शाई धरून ठेवणारी छोटी पट्टी, बघा. मिचेलच्या निबेखाली पितळी रिझर्व्हायर सरकवून बसवायचं असतं. त्याचं टोक निबेला स्पर्श करत धारेपासून २ ते ३ मिलिमीटर मागे हवं. फार मागे असलं तर शाई पोचत नाही, फार पुढे असलं तर कागदावर घासतं. त्याचे दोन्ही कान, म्हणजे निबेला पकडणारे बाजूचे पत्रे, फार घट्ट असले की पाती एकमेकांवर चढतात. निब उजेडासमोर धरा. चीर बारीक, सरळ दिसली पाहिजे. पाती वर-खाली दिसली तर रिझर्व्हायर काढून कान पक्कडीने किंचित बाहेर वाकवा.

१२. निब खरखरते. घरी धार लावता येईल का?

कट निबेला येते. टोकदार निबेच्या नादी लागू नका. तिचं टोक इतकं सूक्ष्म असतं की ते घासलं म्हणजे जाड होणारच. शिवाय तिची खरखर पुष्कळदा पाती वर-खाली झाल्याने असते. दहापट भिंगातून पाहा आणि चढलेलं पातं नखाने हलकेच खाली दाबा.

कट निबेसाठी २००० नंबरचा वॉटर पेपर (ओला वापरायचा पॉलिश कागद) काचेवर चिकटवा आणि ओला करा. रिझर्व्हायर काढा. निबेची वरची बाजू कागदाला टेकवून सुमारे ३० अंशांत धरा आणि पाच-सहा वेळा डावी-उजवी, हलक्या हाताने घासा. मूळ छेदाचा कोन बदलू देऊ नका. आता खालच्या बाजूला एक बारीक कोर आलेली असते. ती बाजू वॉटर पेपरवर जवळजवळ सपाट धरून एकदाच ओढा, म्हणजे ती कोर जाते. शेवटी दोन्ही कोपऱ्यांना नुसता स्पर्श करा. कोपरे गोल झाले तर रेघांची टोकं बोथट दिसतील. धुवा, पुसा, लिहून पाहा. लख्ख धारेची निब कागद कापू लागली तर वॉटर पेपरवरच, पण अजिबात दाब न देता, दोन-तीन रेघा लिहा.

१३. निबा गंजतात. कशा ठेवू, आणि टाकून कधी द्यायच्या?

काम संपलं की निब होल्डरमधून काढा. होल्डरसकट पाण्यात बुडवून ठेवणं ही वाईट सवय आहे, लाकूड फुगतं आणि आतली पत्र्याची पकड गंजते. निब पाण्यात हलवून सुती फडक्याने दोन्ही बाजू आणि चीर कोरडी करा. डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा. पुडी ओलावा धरून भरली की बदला.

केसासारखी रेघ जाड येऊ लागली, पाती मिटेनाशी झाली किंवा टोकाजवळ गंजाचा खड्डा पडला की टोकदार निब संपली. कट निब मात्र धार लावत वर्षानुवर्षं चालते.

१४. मी डावखुरा आहे. उलट्या छेदाची निब घ्यावी लागेल ना?

देवनागरीसाठी बहुधा नाही. डावा हात ओळीच्या खाली ठेवून लिहीत असाल तर सरळ छेदाच्या निबेची धार आपसूक उतरत्या दिशेला जाते आणि देवनागरीला तीच हवी. उजव्या हाताला झगडून मिळवावा लागणारा कोन तुम्हाला आयता मिळतो. हात ओळीच्या वर वळवून लिहीत असाल तर धार वेगळी पडते, तेव्हा कागद फिरवून कोन जुळवा.

रोमनसाठी मात्र डावखुऱ्यांची तिरपी निब घ्याच. कॉपरप्लेटमध्ये अक्षरं ओळीच्या आडव्या रेघेशी ५५ अंशांत झुकलेली असतात. उजव्या हाताला तो झुकाव साधायला बहुधा तिरपा होल्डर लागतो, तर बऱ्याच डावखुऱ्यांचं सरळ होल्डरने भागतं.

१५. काजळाची किंवा हिरडा-हिराकशीची शाई घरी करू का?

काजळाची जरूर करा. काजळीचा रंग उडत नाही आणि ती निब खात नाही. काजळी पाण्यावर तरंगते, म्हणून आधी स्पिरिटच्या काही थेंबांत भिजवा, मग प्रश्न ८ मधल्या डिंकाच्या पाण्यात खलात घोटा. घोटण्यात कंजूषी केली तर शाईत कण राहतात आणि चीर बुजते. डोळ्यांत घालायचं काजळ नको, त्यात तूप-तेल असतं.

हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोह मिळून आयर्न गॉल जातीची शाई होते. युरोपात ओकच्या गाठींसाठी लिहिलेली मापं हिरड्याला जशीच्या तशी लावू नका. हिराकस जास्त झाली तर काही वर्षांनी अक्षराभोवती कागद तपकिरी होऊन ठिसूळ होतो. सरावापुरती ठीक, जपून ठेवायच्या मजकुराला नको.

१६. काळ्या कागदावर पांढरं किंवा सोनेरी लिहायचं आहे.

पारदर्शक शाई गडद कागदावर दिसणारच नाही, त्यामुळे पांढऱ्या ग्वाश रंगाकडे (अपारदर्शक जलरंगाकडे) वळा. ट्यूबमधून पिळलेल्या १ सेंटिमीटर रंगात थेंबाथेंबाने पाणी घालत पातळ दुधासारखा करा, डिंकाचा एक थेंब घाला. निब बुडवण्याऐवजी ब्रशने तिच्या पाठीवर रंग भरा, प्रमाण हातात राहतं. सोनेरी रंगाची भुकटी तळाशी बसते, म्हणून दर दोन-तीन अक्षरांनी ढवळा. हे दोन्ही रंग फाउंटन पेनात कधीही भरू नका, पायलट पॅरलल या रुंद निबेच्या पेनातही नाही. लाख, काजळी आणि ॲक्रिलिक असलेल्या शायांनाही तोच नियम.

१७. मानपत्राच्या छापील कागदावर नाव लिहायचं आहे, पण शाई गोळा होते किंवा तासाभरानेही पुसली जाते.

तो कागद बहुधा आर्ट पेपर आहे, म्हणजे वर चिकण मातीचा लेप दिलेला. शाई आत शिरायला जागाच नाही. काही कागदांवर वार्निशही असतं, त्यावर टाक चालतच नाही. तिथे पेंट मार्कर वापरा आणि वेळ वाचवा.

नुसता लेप असेल तर नावाच्या जागेवर मऊ खोडरबर एकदाच हलका फिरवा, बोटांचं तेल आणि छपाईची पूड निघते. मग काळा ग्वाश किंवा ॲक्रिलिक शाई घ्या. रंगकण वर बसून वाळतात, त्यांना कागदात मुरावं लागत नाही. टाकाला दाब कमी द्या, नाहीतर निब लेप खरवडते आणि मातीने चीर भरते. प्रत्येक नावानंतर निब पुसा. मानपत्रं एकावर एक न ठेवता रात्रभर सुटी पसरून वाळवा. आणि काम स्वीकारतानाच छापखान्याकडून त्याच कागदाच्या चार-पाच जादा प्रती मागून घ्या. त्याशिवाय हो म्हणू नका.